चोवीस हजारांची लाखोली

बँकेत ३१ वर्षं नोटा मोजल्या, त्यामुळे गाण्याच्या नावात आकडा दिसला की मी आधी भागाकार करते. आद्रियानो चेलेंतानोच्या एका इटालियन गाण्याचं नावच ‘चोवीस हजार चुंबनं’. दिवसाच्या २४ तासांत बसवली तर तासाला हजार, एकेकाला ३.६ सेकंद. त्यात जेवण नाही, झोप नाही, दाराची कडी काढायलाही उसंत नाही.

१९६१च्या सानरेमो महोत्सवात २३ वर्षांच्या चेलेंतानोनं ते गायलं. तेव्हा तो सक्तीच्या लष्करी सेवेत होता. संथ, गहिवरलेल्या प्रेमगीतांना सरावलेल्या त्या मंचावर रॉक अँड रोलचा धडाका, आणि वर त्यानं श्रोत्यांकडे चक्क पाठ फिरवली. गहजब झाला. गाणं दुसरं आलं आणि इटलीभर गाजलं. मला मात्र त्या पाठीपेक्षा आकडा छळतो. मोजलेलं प्रेम प्रेम राहतं का?

त्याच भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी कातुल्लस या लॅटिन कवीनंही चुंबनं मागितली होती. हजार, मग शंभर, पुन्हा हजार. पण शेवटी त्याला सगळा हिशेब मुद्दाम विस्कटून टाकायचा होता. नेमका आकडा कळला तर कुणा जळक्याची दृष्ट लागेल म्हणून.

माझ्या आजीला कातुल्लस पटला असता. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, असं ती आम्हांला बजावायची. आणि तीच आजी श्रावणात महादेवाला बेलाची लाखोली वाहायची. शंभर पानांचा एक ढीग, दहा ढीग झाले की पाटावर एक सुपारी. ताटापाशी आकडा नको, मग देवापुढे कसा चालतो, हे मला लहानपणी कळायचं नाही.

आता वाटतं, पोळ्या मोजणारा दिलेल्याची नोंद ठेवतो. लाखोलीचा आकडा एकदा बोलला की आपले दिवसच आपले राहत नाहीत. आजीचा सगळा श्रावण त्या पानांत जायचा. चोवीस हजारांचंही तसंच आहे: प्रियेखेरीज कशालाही क्षण उरलेला नाही, एवढंच तो आकडा सांगतो. ज्या धडाक्याला लोक उथळ म्हणाले, त्यात मला जपाची लगबग ऐकू येते.

शेवटच्या सोमवारी लाख पुरे झाले की आजी परडीत हात घालून आणखी एक ओंजळ वाहायची. ती कधी मोजली नाही.