गांव पाहणें आणि गांवचें होणें

मनुष्यानें कोठें जन्मावें हें त्याच्या हातीं नसतें. परंतु कोठें वृद्ध व्हावें हें ठरविण्याचें स्वातंत्र्य अलीकडच्या काळांत कांहीं लोकांस लाभलें आहे. हें स्वातंत्र्य वापरण्याची एक विशेष तऱ्हा अमेरिकेंत रूढ झाली आहे. निवृत्त झालेलें जोडपें आपलें राहतें घर विकतें किंवा भाड्यानें देतें, तिकडे ज्याला मोटरहोम म्हणतात तें चाकांवरचें घर घेतें, आणि उरलेलें आयुष्य कोणत्या गांवीं काढावें याचा शोध घेत महिनेच्या महिने हिंडत राहतें. आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं अशीं मोटारघरें आपल्या कारखान्यांत जुळविण्यास आरंभ केला. पुढें ही चैन मध्यम स्थितीच्या माणसांच्याही आवांक्यांत आली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची पहिली पिढी आतां निवृत्तीच्या वयाची झाली असल्यानें हा विषय आपल्याही घरांत शिरला आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशाच प्रवासाचा आराखडा धाडून आमचा अभिप्राय विचारला, तेव्हां आम्हांस त्यांत प्रवासाहून मोठा असा एक नीतीचा प्रश्न दिसला. तोच येथें मांडावयाचा आहे.

प्रथम या आराखड्याच्या बाजूनें जें बोलावयाचें तें बोललें पाहिजे. हिवाळा किती कडक, घरपट्टी किती, इस्पितळ किती मैलांवर, ग्रंथालय कसें, अशीं कोष्टकें करून व स्वतः जाऊन गांव पाहणें हें ऐकीव माहितीवर घर विकत घेण्यापेक्षां केव्हांही शहाणपणाचें. आपल्याकडे अर्ध्या घटकेंत मुलगी पाहून जन्माची गांठ बांधीत असत. त्या मानानें हे लोक फारच सावध म्हटले पाहिजेत. शिवाय उतारवयांत आपलें अंथरूण, आपली चूल आणि आपलीं औषधें बरोबर असणें हें सुख लहान नव्हे.

परंतु नेमक्या याच सुखांत या योजनेचें वैगुण्य आहे. पाण्याची टांकी, विजेचा सांठा आणि शिधा ज्याच्याबरोबर फिरतो, त्याला गांवाची गरजच पडत नाहीं. आणि ज्याची गरज पडत नाहीं त्याची ओळख होत नाहीं. रात्रीं दार लोटून घेतलें कीं तो गांवांत नसतो, आपल्याच घरीं असतो. पश्चिमेकडील मोकळ्या सरकारी रानांत अशा वाहनास सामान्यतः २८ दिवसांत १४ दिवसांहून अधिक काळ एका जागीं राहतां येत नाहीं. उलट साउथ डकोटा राज्यांत एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखविली तरी अशा फिरत्या माणसास तेथील रहिवासी म्हणून वाहन चालविण्याचा परवाना मिळूं शकतो. कायद्याच्या दृष्टीनें कोठला तरी होण्यास एक रात्र पुरते! येथें आपल्या धर्मशास्त्रांतील यतिधर्म आठवतो. संन्याशानें खेड्यांत एक रात्र व नगरांत पांच रात्रीं राहावें असा दंडक आहे. त्याचा हेतु उघड आहे: कोठेंही जीव गुंतूं नये. आमच्या या प्रवाशाला मात्र जीव गुंतवावयाचा आहे, आणि व्रत त्यानें घेतलें आहे तें जीव न गुंतूं देण्याचें!

या वृत्तीस आधुनिक अर्थशास्त्रानें एक प्रतिष्ठाही दिली आहे. चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५६ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, गिऱ्हाईक जसें दुकान निवडतें तसा नागरिक आपल्या पसंतीच्या सोईसवलती आणि कर पाहून गांव निवडतो. आपल्या गणितासाठीं त्यानें कांहीं गोष्टी गृहीत धरल्या होत्या: माणसें कोठेंही जाण्यास मोकळीं आहेत, त्यांना सर्व गांवांची पूर्ण माहिती आहे, आणि तीं नोकरीवर नव्हे, लाभांशावर जगतात. गणितापुरतीं कल्पिलेलीं हीं माणसें आज मोटारघरांतून खरोखरच हिंडूं लागलीं आहेत.

पण गांव हें दुकान आहे काय? मराठेशाहींतील खेड्यांत मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरावयाचा, गांवखर्चाचा वांटा उचलावयाचा, आणि म्हणून गांवच्या कारभारांत त्याच्या शब्दाला वजन. उपरी हा बाहेरून आलेला. करारानें जमीन कसावी, न जमल्यास दुसरें गांव धरावें. त्याला बंधन कमी, तसा मानही कमी. मिरासदारी जन्मावर उभी होती. ती परत यावी असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तथापि तिच्यांत एक सत्य होतें: भार उचलल्यावांचून शब्द मिळत नाहीं. आल्बर्ट हर्शमन यानें १९७० सालच्या आपल्या ग्रंथांत हाच भेद निराळ्या शब्दांत सांगितला आहे. संस्था बिघडूं लागली कीं माणसापुढें दोन मार्ग असतात, निघून जाणें किंवा बोलून सुधारणें; आणि निघून जाण्याची वाट फार सोपी असली कीं बोलण्याचें बळ ओसरतें. ज्याचें घरच चाकांवर, त्याची ही वाट सदैव दारांत उभी असते.

कोष्टकाची मर्यादा किती, हें नॉर्थ कॅरोलायनांतील ॲशव्हिल शहरानें दाखविलें. समुद्रापासून दूर, डोंगरांतलें, सौम्य हवेचें हें गांव. हवामान पालटण्याच्या या काळांतला सुरक्षित आसरा म्हणून त्याचा बोलबाला झाला होता. २७ सप्टेंबर २०२४ रोजीं हेलेन वादळाच्या पावसानें तेथील नद्या फुगल्या, वस्त्या वाहून गेल्या, आणि नळाला पिण्यायोग्य पाणी येण्यास १८ नोव्हेंबर उजाडला. त्या दिवसांत शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांस पाणी वाहून दिलें. शेजारी कसे आहेत, हा रकाना कोणत्या कोष्टकांत होता?

दुसरी बाजू याहून अवघड आहे. गांव निवडणारा गांवाला बदलतोही. माँटाना राज्यांतील बोझमन हें असेंच दृष्ट लागण्याजोगें गांव. बाहेरून आलेल्या सधनांनीं तें पसंत केलें, घरांच्या किंमती भडकल्या, आणि तेथेंच राबणाऱ्या कित्येकांना रस्त्याच्या कडेला फिरत्या घरांत राहण्याची पाळी आली. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकांत तर घर परवडेनासें झाल्यानें गाडींत राहून हंगामी मजुरी करणाऱ्या वृद्धांचीच हकीकत आहे. वाहन तेंच, एकाची ती हौस, दुसऱ्याचा तो नाइलाज. दोघे एकाच मैदानांत शेजारीं शेजारीं उभे राहतात, आणि पहिल्याच्या पसंतीचा दुसऱ्याच्या लाचारीशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाही पहिल्यास येत नाहीं.

मग वृद्धांनीं जागा बदलूंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जन्मभर कष्ट केलेल्या माणसास सौम्य हवेचा हक्क आहे; आणि ज्यानें तारुण्यांत मायदेश सोडला, त्याला आतां एका जागीं चिकटून राहा असें सांगणें हें निव्वळ पांडित्य होईल. उलट चाळीस वर्षें उपऱ्यासारखीं काढल्यावर शेवटीं कोठलें तरी व्हावें ही त्याची तळमळच आम्हांस मोलाची वाटते. आमचें म्हणणें एवढेंच कीं ती तळमळ भागविण्याचा मार्ग निराळा आहे. वीस गांवें दोन दोन दिवस पाहण्याऐवजीं दोनच गांवें निवडावीं. गाडी वेशीबाहेर ठेवून खोली भाड्यानें घ्यावी. आणि राहावें तें वसंतांत नव्हे, त्या गांवच्या सर्वांत वाईट महिन्यांत. नगरसभेच्या बैठकीस मागें जाऊन बसावें, दवाखान्यांत आपल्या पाळीची वाट पाहावी, आणि येथला शाळामास्तर गांवांत राहूं शकतो कीं तीस मैलांवरून येतो, तें विचारावें. या एका उत्तरांत गांवाची बरीचशी नीति कळते.

घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून, असें आपल्यांत म्हणतात. गांवही पाहावें तें राहून. हें गांव मला मानवेल काय, हा प्रश्न रास्त आहे. पण तो अर्धाच आहे. मी या गांवाला मानवेन काय, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. आणि त्याचें उत्तर गाडीच्या खिडकींतून मिळत नाहीं. तें गांवकऱ्यांनीं द्यावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्यांना आपल्याकडे पाहण्यास पुरेसा वेळ दिला पाहिजे.