तिसऱ्या पाळतात का कुणी?

"अगं, तिसऱ्या पाळतात का कुणी? तिसऱ्यांचं सुकं करतात!" व्हिडिओ कॉलवर आई हसत होती. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे तिचा प्रश्न रास्तच होता. मी तेव्हा सिएटलमध्ये नोकरी करत होते आणि खोलीतल्या ८० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ६ सेंटिमीटरचा एक जायंट क्लॅम आणून ठेवला होता. जात डेरासा.

या शिंपल्याच्या मांसल आवरणात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. म्हणून त्याला कडक प्रकाश लागतो, आणि कवच वाढवायला पाण्यात पुरेसं कॅल्शियम. मी सगळं मोजून वहीत लिहायचे.

तरी टोचणी होतीच. समुद्रातला जीव काचेत ठेवायचा अधिकार मला कुणी दिला? उत्तर तयार होतं : हा समुद्रातून ओरबाडलेला नाही. पलाऊसारख्या बेटांवर डेरासाची पैदास करतात, तसाच हाही पैदाशीतला. शिवाय मोठा शिंपला समुद्रातही एका जागीच बसतो. ज्याला कुठे जायचंच नाही, त्याला कैद कसली?

मग एका हिवाळी वादळात नऊ तास वीज गेली. पंप बंद, हीटर बंद. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून, टँकला रजई गुंडाळून मी रात्रभर बसले. वीज आली, दिवे लागले, शिंपला हळूहळू उघडला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

दुपारपर्यंत तो उतरला. ज्या संकटातून मी त्याला वाचवलं, ते मीच आणलं होतं. संकटं समुद्रातही असतात, पण तिथल्या सूर्याला बटण नसतं. स्वातंत्र्य म्हणजे हिंडणं, असं मी धरून चालले होते. कुणा एकाच्या मर्जीवर न जगणं हेही स्वातंत्र्यच की! ज्याला आपणच अवलंबून केलं, त्याची काळजी घेणं हा उपकार नाही, कर्जफेड आहे. तिथे आभाराची अपेक्षा कशी ठेवणार? शिंपल्याच्या आवरणाच्या कडेला शेकडो चिमुकले डोळे असतात. सावली पडली की तो मिटतो. मी जवळ गेले की तो मिटायचा, अगदी शेवटपर्यंत.

दोन वर्षांत तो १५ सेंटिमीटरचा झाला. डेरासा अर्धा मीटर वाढू शकतो हे मला घेतानाच माहीत होतं. 'बघू पुढे' म्हणून मी ते बाजूला सारलं होतं. त्यातच बाबा आजारी पडले, पुण्याला परतायचं ठरलं. त्याला सोबत आणणं शक्य नव्हतं. आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानात जायंट क्लॅम आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरी पाळायचा प्रश्नच येत नाही.

शेवटी ८०० लिटरचा टँक असलेल्या एका अनुभवी माणसाकडे त्याला दिलं. नव्या पाण्यात तो तासाभरात उघडला. मला थोडं वाईट वाटलं, मग बरं वाटलं.

परवा आईने विचारलं, "पुन्हा पाळशील का गं?" मी नाही म्हणाले. शिंपला आवडत नाही म्हणून नव्हे. तो कित्येक दशकं जगू शकतो, आणि 'बघू पुढे' म्हणणारी मी अजून तीच आहे.