छाटणीचा अधिकार

आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांच्या परसात एखादा तरी जुना गुलाब असतो. घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाने तो लावलेला असतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्यास कोणी हात लावीत नाही. तो पुरुषभर उंच वाढतो, कुंपणावर लोळतो, येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर ओढतो. परंतु देवाच्या परडीत त्याची वर्षाकाठी चार फुलेही पडत नाहीत. छाटा म्हटले तर घरातून उत्तर येते, "आजीने लावलेला आहे, जित्या झाडावर कात्री कशी चालवावी?" ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या शांतिपर्वात भृगु-भरद्वाज संवादात वृक्षांना जीव आहे काय, असा प्रश्न निघाला आहे. तो आहे, हे सांगताना भृगूंनी जी कारणे दिली त्यांत वृक्ष सुखदुःख ग्रहण करतात हे एक आहे, आणि तोडल्यावर ते पुन्हा फुटतात हे दुसरे. छाटणीस भिणारा पहिल्याचा आधार घेतो, छाटणारा दुसऱ्याचा. वस्तुतः दोन्ही कारणे एकत्रच सांगितलेली आहेत. झाडास मेंदू व मज्जातंतू नसल्यामुळे आपल्यासारखी वेदना त्यास होते, असे आजचे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानीत नाहीत. तथापि एका पानास झालेल्या जखमेची वर्दी झाड दुसऱ्या पानांपर्यंत पोहोचविते, हे त्यांनी पाहिले आहे. तेव्हा छाटणे म्हणजे काहीच नव्हे, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

छाटणारे बहुधा म्हणतात, "हे झाडाच्याच हिताचे आहे." हे अर्धसत्य होय. वाळलेली वा किडलेली फांदी काढणे झाडाच्या हिताचे, यात संशय नाही. परंतु फुले पुष्कळ यावीत ही गरज झाडाची नव्हे, आपली आहे. वंश चालविण्यास त्यास थोडी फुले पुरतात. गुलाबाचे फूल नव्या फुटीच्या टोकाशी येते. फांदीचा शेंडा शाबूत असेतोवर तेथून उतरणारे द्रव्य खालच्या डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा गेला की ते जागे होतात. झाडाच्या या स्वभावाचा लाभ आपण घेतो. तो खुशाल घ्यावा, मात्र स्वार्थास परोपकाराचे नाव देऊ नये. (मुलांना वळण लावतानाही "तुझ्याच भल्यासाठी" हे शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात!)

याउलट, न कापणे म्हणजेच अहिंसा, हेही आम्हांस मान्य नाही. रोपवाटिकेतून आणलेला गुलाब बहुधा कलमी असतो. खाली रानगुलाबाचा खुंट, आणि त्यावर डोळा भरून वाढविलेला दुसराच गुलाब. दुर्लक्ष झाले की खुंटास स्वतःचे फुटवे येतात. ते जोमदार असतात, मुळांचा रस आधी तेच ओढून घेतात, आणि काही वर्षांत वरचा गुलाब झुरून जाऊन खुंटाचेच रान माजते. आजीचा गुलाब म्हणून घर ज्याला जपत असते, त्यातला आजीचा गुलाब कित्येकदा केव्हाच गेलेला असतो. आणि तो कोणी कापलेला नसतो.

असे फुटवे जमिनीलगत कापून भागत नाही. बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून ते दुणावून येतात. माती उकरून, ते जेथून निघाले तेथूनच ओढून काढावे लागतात. पाच पानांचा तो कलमी आणि सात पानांचा तो रानटी, ही लोकांतील खूण भरवशाची नव्हे. शिवाय गुलाब स्वतःच्याच मुळांवर वाढलेला गावठी असेल, तर बुडातून आलेला फुटवा त्याचाच असतो व तो ठेवावा लागतो. एका झाडावर जो उपरा, तोच दुसऱ्यावर वारस! आणि उपरा हा शब्दही आपलाच. त्या खुंटाने इतकी वर्षे दुसऱ्याचे ओझे निमूटपणे वाहिलेले असते. म्हणूनच कापण्यापूर्वी ओळखणे हे आम्ही दयेइतकेच आवश्यक मानतो.

आमच्या बेळगावाकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आगेमागे छाटणी करावी. भर पावसात केल्यास जखमा ओल्या राहून फांद्या टोकाकडून काळ्या पडत येतात. कात्रीस धार असावी. बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका छेद द्यावा. फार जुने झाड एकाच वर्षी बुंध्यापर्यंत आणू नये. जुन्या काठ्यांपैकी तिसरा हिस्सा यंदा, उरलेल्या पुढील दोन वर्षांत काढाव्या. वर्षातून एकदाच बहरणारे वेलगुलाब मात्र बहर ओसरल्यावर छाटावेत. ते गतवर्षीच्या काठीवर फुलतात. त्यांना आधी छाटले तर फुलांवरच कात्री चालते.

ज्याने आपल्या हौसेसाठी कापले, त्याच्यावर झाडाचे ऋण चढते. शेणखत, पाणी, आणि फूल दिसेपर्यंत सहा-सात आठवड्यांचा धीर, एवढे तरी त्याने द्यावेच. पण गुलाबास दिवसाचे पाच-सहा तास ऊनही लागते, आणि ते कात्रीने मिळत नाही. कित्येक गुलाब फुलत नाहीत, ते मागाहून बांधलेल्या भिंतीच्या सावलीत सापडल्यामुळे. तेव्हा कात्रीस हात घालण्यापूर्वी एक दिवस सकाळी नऊला, दुपारी बाराला व तीनला परसात जाऊन ऊन कोठवर येते ते पाहावे, आणि भिंत कोणी बांधली तेही आठवावे.