दान कर्त्याचं की घराचं?

श्रीगुरुचरित्राच्या दहाव्या अध्यायात वल्लभेश नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. आपल्याला ती आठवते ती चोरांमुळे. कुरवपूरच्या वाटेवर चोरांनी त्याचं शिर उडवलं आणि श्रीपादश्रीवल्लभांनी प्रकट होऊन त्याला पुन्हा उठवलं. भक्ताला संकटात न विसरणाऱ्या गुरूंची ही कथा आपण वाचतो आणि हात जोडतो. पण वल्लभेश व्यापारी होता, हे फारसं ध्यानात राहत नाही. धंद्यात यश आलं तर कुरवपूरला हजार ब्राह्मणांना भोजन घालीन, असा त्याचा नवस होता. नफा झाला आणि नवसाचं द्रव्य बरोबर घेऊन तो निघाला.

माझा जन्म दुकानात गेला. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. वल्लभेशाने शब्द आधी दिला आणि नफा नंतर मोजला. उरलं तर बघू, असा तो व्यवहार नव्हता. शिवाय त्याने देऊ केलं ते नफ्यातून. घरातल्यांच्या तोंडचा घास काढून दिल्याचं कथेत कुठे येत नाही.

इथेच एक प्रश्न उभा राहतो. घरातला कर्ता पुरुष दान करतो, तेव्हा ते दान कोणाचं? देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागते, तिच्यावर एकाचं नाव असतं. त्या नावामागे एक घर असतं. त्या घराचं काय?

मोठ्या दात्यांत आपल्याकडे नाना शंकरशेट यांचं नाव आदराने घेतात. जन्म 1803 चा. वडील 1822 साली गेले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते आणि एवढी मोठी पेढी अंगावर पडली. अशा वयात हाती पैसा आला की माणूस बहकतो, नाही तर मुठी आवळून बसतो. नानांनी पेढीही सांभाळली आणि मुंबईही. शिक्षणसंस्था उभ्या करण्यात ते पुढे होते. 1845 साली रेल्वेसाठी मुंबईत खटपट सुरू झाली, तीत ते जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यामागे ती खटपट होती. 1865 साली नाना गेले. पुढे मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. आमच्या पिढीत 'शंकरशेट मिळाली' एवढं म्हटलं तरी पुरे असे. चिंतामणराव देशमुखांना ती 1912 साली मिळाली होती.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा 1849 ची गोष्ट मोठी वाटते. मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा नानांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात शाळेला जागा दिली. मुलींना शिकवणं हा त्या काळी अधर्म समजला जाई. पैसेवाल्याने पैसे दिले तर त्याचं फारसं काही जात नाही. पण असली शाळा आपल्या दारात भरवली की लोकांचं बोलणं घरातल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. इथे नानांनी घराची अब्रूच पणाला लावली. असं देणं घरच्यांच्या साथीशिवाय निभत नाही.

नाना फार मोठे. आता लहान घरातली गोष्ट सांगतो, कारण तुमच्या-माझ्या घरात प्रश्न पडतो तो तिथे.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराचं दुकान चालवत. 1972 चा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती, रेशनवर तांबडी मिलो यायची. अण्णांनी त्या काळात उधारी बंद केली नाही. खतावणीची पानं भरत गेली. पुढे पाऊस झाल्यावर ज्यांना जमलं त्यांनी दिलं. ज्यांना जमलं नाही, त्यांच्या नावांवर अण्णांनी रेघ मारली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. अण्णा गेले त्या दिवशी बाजारपेठ आपणहून बंद राहिली. आजही कोणी म्हातारा भेटला की म्हणतो, तुमच्या वडिलांमुळे आमची चूल पेटत होती.

हे ऐकून ऊर भरून येतो. पण त्या दोन वर्षांत आईच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. ताईचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. आई तक्रार करणारी नव्हती, पण एकदा बोलून गेली, "दान ह्यांचं झालं, उपास सगळ्यांना घडला." आणि ताई, आता तिची पंचाहत्तरी झाली, ती म्हणते, "अण्णांनी मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही कोणी."

ताईच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. तिला कॉलेज सुटल्याचं दुःख आहेच, पण जास्त बोचतंय ते हे, की जे पुण्य तिच्याही वाट्याचं होतं ते तिच्या हातून घडूच दिलं नाही. विचारलं असतं तर ती देणारी झाली असती. न विचारल्यामुळे तिच्याकडून नुसतं घेतलं गेलं. पैसा तोच, धान्य तेच, उपासही तोच. फरक एका प्रश्नाचा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. एकनाथ महाराजांनी त्यावर केलेलं विवरण आपण ऐकलेलं असतं. त्यात मधमाशी आहे. ती मध साठवते आणि दुसराच कोणी घेऊन जातो. म्हणून नुसतं साठवू नये. त्यात कपोतही आहे. जाळ्यात अडकलेल्या बायकापोरांच्या मोहाने तोही जाळ्यात पडतो. म्हणून घराच्या मोहात बुडू नये. दोन्ही शिकवणी खऱ्या. पण घर हा मोह आहे, म्हणून घराला न विचारता त्याचं वाटून टाकावं, असं अवधूताने कुठे सांगितलेलं नाही. मिताक्षरेचा जुना कायदाही हेच धरून चालतो. वडिलोपार्जित जमीनजुमल्यातून कर्त्याला धर्मकार्यासाठी देता येतं, पण बेतानेच. कारण ते त्याच्या एकट्याचं नसतं.

कोणी म्हणेल, दारात उपाशी माणूस उभा असताना घरात बैठक बोलवायची का? मुळीच नाही. अण्णांनी धान्य दिलं ते योग्यच केलं. दुकानाची फळी लावून घेतली असती, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण दिल्यावर रात्री पानावर बसताना सांगता येतं, "आज अमक्याला पायलीभर ज्वारी दिली, पैसे येतील असं दिसत नाही." एवढं ऐकलं की जेवणारं प्रत्येक माणूस त्या दानात आलं. आणि विचारल्यावर घर नाही म्हणालं तर? मग कर्त्याने स्वतःच्या गरजा कमी करून द्यावं. चहा सोडावा, धोतर आणखी वर्षभर वापरावं. स्वतःचा वाटा देण्यापासून कोण अडवणार?

अण्णांचं मोठेपण यामुळे तसूभर कमी होत नाही. वडिलांना थोर म्हणायचं आणि आई-बहिणीने सोसलेलं झाकून ठेवायचं, हे काही खरं स्मरण नव्हे. म्हणून वर्षश्राद्धाला जमलेल्या नातवंडांना मी दोन्ही सांगतो, खतावणीतल्या रेघाही आणि आईच्या पाटल्याही. मुलांना अण्णा कळतात ते त्यामुळे.

मार्गशीर्षात दत्तजयंती येते, महाप्रसादाची पावतीपुस्तकं निघतात. आकडा आपण मनात धरलेला असतो. यंदा पावती फाडण्याआधी घरात एकदा विचारून पाहा. सुनेला विचारा, कॉलेजात जाणाऱ्या नातीलाही विचारा. कदाचित आकडा थोडा कमी होईल, कदाचित वाढेलही. आणि पावतीवर नाव घालताना पुढे 'व कुटुंबीय' लिहाल, तेव्हा ते नुसतं लिहिण्यापुरतं राहणार नाही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥