ख्रिस्ती प्रतिमा आणि मूर्तिपूजा : एका वारकऱ्याची शंका

सज्जनहो, या वेळचा विषय आम्ही शोधला नाही. तो आपल्या पायांनी चालत आमच्याकडे आला. पालखी फलटणच्या मुक्कामी होती. रात्रीचे कीर्तन आटोपले, मंडळी राहुट्यांकडे पांगली, आणि वांद्र्यास राहणारा दिंडीतला एक तरुण पाय चेपण्याच्या निमित्ताने जवळ येऊन बसला. पाय चेपणे नावालाच होते. मनात काही दुसरेच चालले होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "महाराज, ख्रिस्ती लोक मूर्तिपूजक आहेत की नाहीत?"

आम्ही म्हटले, "अरे बाबा, पंढरीच्या वाटेवर तुला ही पंचाईत कशाला?"

तेव्हा त्याने हकिगत सांगितली. त्याच्या शेजारी एक म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई राहतात. घरात मराठीच बोलतात. हा त्यांना मावशी म्हणतो. लहानपणी आई कामाला गेली की हा त्यांच्याच ओट्यावर खेळायचा. वांद्र्याच्या टेकडीवर मारियेचे जे मोठे देऊळ आहे, तिला तिथले जुने लोक मोत माउली म्हणतात. मारियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरचा. त्याच्या लगतच्या रविवारपासून तिची जत्रा भरते, आणि जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, पाळणे विकायला असतात. ज्याला जे दुखणे, जी इच्छा, त्याने ते माउलीपुढे ठेवायचे. मावशींच्या नातवाचा पाय मोडला होता, म्हणून त्या मेणाचा पाय घेऊन निघाल्या होत्या. नेमके त्याच दिवशी कारखान्यात दुसऱ्या एका पंथाच्या ख्रिस्ती सोबत्याने याला डिवचले होते, की तुम्ही वारकरी दगड पुजता. तो राग घेऊन हा घरी आला आणि दारात मावशी दिसल्या. हा बोलून गेला, "मूर्तिपूजक आम्ही नाही, तुम्हीच! मेणाचा पाय घेऊन बाहुलीपुढे गुडघे टेकता!"

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून आजतागायत बोलल्या नाहीत. "मी खोटं बोललो का, महाराज?" असे त्याने विचारले.

त्या रात्री जे सांगितले ते थोडे होते. पुढे वाटेने चालताना जे सुचले आणि ग्रंथांत पाहिले, ते मिळवून येथे मांडतो.

प्रथम हे ध्यानात घ्या की ही शंका त्या मुलाची नवी नाही. ख्रिस्ती लोकांनी ती एकमेकांना शेकडो वर्षे विचारली आहे आणि तिच्यापायी रक्तही सांडले आहे. मूळ आहे मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांत. कोरीव मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, असा तेथे स्पष्ट निषेध आहे. गंमत अशी की आज्ञा दहाच, पण त्या मोजण्यातही मतभेद. रोमन कॅथलिक आणि लूथरपंथी हा निषेध पहिल्या आज्ञेतच धरतात. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स आणि इतर बहुतेक प्रॉटेस्टंट त्याला वेगळी दुसरी आज्ञा मानतात.

आता पाहा. ज्या शास्त्रात निषेध, त्याच शास्त्रात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखांचे देवदूत, घडवून बसवण्याची आज्ञा आहे. आणि त्याहून विलक्षण गोष्ट पितळेच्या सर्पाची. रानात इस्राएल लोकांना साप चावू लागले, माणसे मरू लागली, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा सर्प करून खांबावर उभारला. दंश झालेला माणूस त्याच्याकडे पाही आणि जगे. पुढे कित्येक शतके तो सर्प जपून ठेवला गेला, आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. शास्त्रात त्या राजाची निंदा नाही, स्तुती आहे.

मंडळी, या कथेवर थांबा. पितळ तेच, आकार तोच. घडवणाराही धर्मात्मा आणि फोडणाराही धर्मात्मा! मग पालटले काय? पाहणाऱ्याची नजर. पहिल्यांदा नजर सर्पातून पलीकडे जात होती; पुढे ती सर्पावरच अडकली. ख्रिस्ती धर्मातला प्रतिमेचा सगळा वाद या दोन टोकांमध्ये झाला आहे, आणि आमच्या मते त्याचा निवाडाही याच कथेत आहे.

पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही ख्रिस्ती सम्राटांची राजधानी. तेथे घरोघरी, देवळोदेवळी ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चित्रप्रतिमा होत्या. लोक त्यांचे चुंबन घेत, पुढे दिवा लावीत. आठव्या शतकात तिसरा लिओ हा सम्राट त्यांच्यावर उलटला आणि 730 साली प्रतिमांच्या विरुद्ध राजाज्ञा निघाली. त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन याने 754 साली बिशपांची मोठी परिषद भरवून प्रतिमा निषिद्ध ठरवल्या. त्यांचा पूर्वपक्ष हलका समजू नका. ख्रिस्त देवही आहे आणि मनुष्यही. देवत्व रंगात येत नाही. मग तुम्ही नुसता मनुष्य रंगवलात तर ख्रिस्ताचे दोन तुकडे केलेत. आणि देवत्वही रंगवले म्हणाल तर अनंताला चौकटीत कोंबलेत. इकडे आड, तिकडे विहीर!

याला उत्तर दिले दमास्कसच्या योहानाने. हा साधू यरुशलेमजवळच्या मठाचा, मुसलमानी राज्यात राहणारा. म्हणून ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. ख्रिस्ती प्रतिमांचा कैवार घेणारा मोठा पंडित मुसलमानी अमलाखाली सुरक्षित राहिला, ही देवाची करणी अगाधच म्हणायची. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा : देव निराकार होता तोवर त्याचे चित्र काढणे वेडेपणाच होता, पण जो आपण होऊन देह धरून आला, हिंडला, जेवला, ज्याला लोकांनी डोळ्यांनी पाहिले, त्याचे चित्र का काढू नये? मी लाकूड-रंग भजत नाही. लाकूड-रंगाचा जो कर्ता, त्याला भजतो.

शेवटी आयरीन राणीच्या काळी, 787 साली, नायसिया येथे परिषद भरली आणि निवाडा झाला. ग्रीक भाषेत दोन शब्द आहेत : लात्रेइया म्हणजे केवळ देवाची अनन्य उपासना, आणि प्रोस्किनेसिस म्हणजे आदराने वाकणे, वंदन. परिषदेने सांगितले की प्रतिमेला वंदन द्यावे, उपासना देऊ नये. आणि प्रतिमेला दिलेला मान ज्याची प्रतिमा त्याला पोचतो. पुढे पुन्हा तीस वर्षे प्रतिमाभंजकांचा जोर झाला. 843 साली थिओडोरा राणीने प्रतिमा परत बसवल्या. ऑर्थोडॉक्स लोक उपासकाळाच्या पहिल्या रविवारी त्याचा उत्सव अजून करतात.

पण या निवाड्याची पुढे काय दशा झाली ती ऐकण्यासारखी आहे. तो पश्चिमेस गेला लॅटिन भाषांतरातून, आणि भाषांतर करणाऱ्याने वंदनासाठी जो शब्द घातला तो उपासनेलाही चालणारा! शार्लमेन राजाच्या दरबारातले पंडित खवळले. 794 साली फ्रँकफर्टच्या परिषदेत त्यांनी या मताचा धिक्कार केला. ज्याचा धिक्कार केला ते नायसियावाले म्हणालेच नव्हते. एका शब्दाने एवढा घोटाळा.

आपल्या मराठीत तर हा घोटाळा पदोपदी होण्याजोगा आहे, कारण 'पूजा' या एका शब्दात आपण सगळे कोंबतो. पोळ्याला बैलाची पूजा, दसऱ्याला शस्त्रांची पूजा, दिवाळीत वहीची पूजा, गुरूची पूजा आणि पांडुरंगाची महापूजा. म्हणून काय शेतकरी बैलाला परब्रह्म समजतो? नाही. आपले आपल्याला कळते. पण बाहेरचा मनुष्य डोळ्यांनी काय पाहणार? हळद, कुंकू, आरती. दोन्हींकडे सारखेच. भाव काही दिसत नाही.

प्रॉटेस्टंटांची भीतीही खरी होती, हे सांगितले पाहिजे. मध्ययुगात अमक्या देवळातली मारिया चमत्काराची आणि तमक्या देवळातली तितकी नाही, असे लोक बोलू लागले. मारिया एकच, मग दोन प्रतिमांत हा भेद कुठला? सर्पापुढे धूप जळू लागला होता, हे कबूल करावे लागते. झुरिक शहरात 1524 च्या उन्हाळ्यात कौन्सिलाच्या हुकुमाने, दारे लावून, कारागीर आणून मूर्ती उतरवल्या आणि भिंतींना चुना दिला. नेदर्लंड्समध्ये 1566 साली जमावाने अँटवर्पच्या मोठ्या देवळात शिरून प्रतिमांचा चुराडा केला. मार्टिन लूथर स्वतः सुधारक, पण 1522 साली विटेनबर्गमध्ये त्याच्याच शिष्यांनी मूर्ती फोडायला घेतल्या तेव्हा तो धावत परत आला आणि प्रवचने करून त्यांना आवरले. त्याचा युक्तिवाद असा होता की लोक सूर्यचंद्रही पूजतात, मग ते काय आकाशातून खाली ओढणार? मूर्ती आधी हृदयातून निघाली पाहिजे. ती निघाली की भिंतीवरची उपद्रव देत नाही. आमच्या मते त्या सगळ्या धामधुमीत हा एक शहाणा बोल होता.

दुसऱ्या बाजूने कॅथलिकांनी 1563 साली ट्रेंटच्या परिषदेत आपले म्हणणे पक्के केले. प्रतिमेत काही देवत्व किंवा शक्ती आहे असे मानू नये, तिच्याकडे मागणे मागू नये, तिच्यावर भरवसा ठेवू नये. मान मूळ व्यक्तीला.

येथे एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अँटवर्पमध्ये ज्या साली कॅथलिकांच्या प्रतिमा फुटल्या, त्याच्या दुसऱ्याच साली, 1567 मध्ये, गोव्यात साष्टीची आपली देवळे कॅथलिक पोर्तुगिजांनी पाडली. मंगेश आणि शांतादुर्गा हे देव सोळाव्या शतकात नदीपलीकडे न्यावे लागले, ते याच धोरणापायी. स्वतःच्या प्रतिमेसाठी जो विवेक ट्रेंटमध्ये मांडला, त्यातला कणभरही दुसऱ्याच्या देवासाठी उरला नाही. हे आम्ही विसरत नाही. परंतु त्याचा वचपा वांद्र्याच्या म्हातारीवर काढायचा, हा कुठला न्याय?

आता "म्हणजे ते आणि आपण सारखेच" असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणू नये. ते खरे नाही. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा आहे. विठोबा विटेवर उभा आहे असे आपण म्हणतो. विठोबाचे चित्र उभे आहे असे कोणी वारकरी म्हणत नाही. कॅथलिक मनुष्य मात्र मारियेची मूर्ती ही मारिया नव्हे, असेच सांगेल. आणि मारियाही देव नव्हे, देवाजवळ आपली रदबदली करणारी आई, असे सांगेल. जेथे तो खरी उपस्थिती मानतो ती मूर्तीत नव्हे, मंत्रित केलेल्या भाकरीत. तिच्यापुढे तो पूर्ण उपासना करतो, आणि तिला नुसते प्रतीक म्हटलेले त्याला खपत नाही. प्रॉटेस्टंटांचा खरा वाद तेथेही पेटला.

तेव्हा मूर्तिपूजा म्हणजे घडवलेल्या वस्तूला देवाचे स्थान देणे, हा जो त्यांच्या शास्त्राचा अर्थ, त्या अर्थाने क्रूस आणि प्रतिमा मूर्तिपूजा ठरत नाहीत. नजर अडकली तर ठरतात. आणि नजर अडकली की नाही, हे दारातून पाहणाऱ्याला कळत नाही. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, तेव्हा नामदेवरायांनाही पाहता क्षणी कळले नाही. मग आपली काय कथा!

त्या मुलाला त्या रात्री एवढेच सांगितले, "बाबा, तू खोटं बोललास की खरं, हा नंतरचा विचार. तू कोणत्या भाषेत बोललास ते आधी बघ. 'मूर्तिपूजक' हा शब्द आपल्या कानाला शिवी नाही. आपण मूर्ती पुजतो आणि उजळ माथ्याने पुजतो. पण त्यांच्या शास्त्रात त्या पापाला व्यभिचाराची उपमा दिली आहे. सत्तर वर्षांच्या बाईला, नातवासाठी नवस घेऊन निघालेली असताना, देवाशी व्यभिचार करतेस असं तू दारात उभा राहून म्हणालास. आणि तुला दगडपूजक म्हणाला तो भलताच, तिने तर तुला कधी तसं म्हटलंही नव्हतं."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

"ते तिला जाऊन सांग," आम्ही म्हटले, "आणि वाद घालू नकोस. ट्रेंट आणि नायसिया तिला ठाऊक असायची गरज नाही."

आषाढी झाली. पुढच्या एकादशीला त्याचा फोन आला. पंढरीहून गेला तो पिशवी खांद्यावर घेऊन तसाच मावशींच्या दारात उभा राहिला होता. पाठ करून नेलेले सगळे विसरला. मावशींनी दार उघडले, चिखलाने भरलेल्या त्याच्या पायांकडे पाहिले आणि विचारले, "वाटेत पाऊस लागला का रे?"