माहितीचा धनी कोण?

2017च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने आपल्या सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. परीक्षा 477, उत्तरपत्रिका 17 लाखांहून अधिक. प्रत्येक पान स्कॅन व्हायचे होते, प्रत्येक उत्तरपत्रिका त्या विषयाच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचायची होती आणि मिळालेले गुण त्याच विद्यार्थ्याच्या नावावर जमा व्हायचे होते. कुलपतींनी निकालांसाठी 31 जुलैची मुदत दिली; ती टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढचे प्रवेश अडले, परदेशी जाणाऱ्यांचे बेत कोलमडले, काही उत्तरपत्रिका शोधूनही सापडेनात. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणातून तेव्हा दोन निष्कर्ष निघाले. एक, संगणकाने घोळ केला. दोन, कुलगुरू चुकले. मला दोन्ही अपुरे वाटतात. पडद्यावरच्या तपासणीची कल्पना मुळात वाईट नव्हती. बेरजेच्या चुका त्यात टळतात, गठ्ठ्यांची ने-आण वाचते, फेरतपासणी सोपी होते. पण आधी एखाद्या विद्याशाखेपुरता प्रयोग करायचा, प्राध्यापकांना सराव द्यायचा, नवी व्यवस्था अडली तर जुनी तयार ठेवायची, आणि हे सारे जमत नसेल तर “यंदा नको” असे कुलगुरूंना तोंडावर सांगायचे, ही कामे कोणाची? ज्याची ही कामे आहेत, ज्याच्या शब्दाला वजन आहे आणि ज्याला जाब विचारता येतो, अशा माणसाला मुख्य माहिती अधिकारी म्हणतात. आपल्या विद्यापीठांना त्याची नितांत गरज आहे.

हे पद उद्योगजगतातून आले. बोस्टनमधील एका बँकेचे अधिकारी विल्यम सिनॉट यांनी 1981च्या सुमारास या पदाची कल्पना मांडली आणि त्याच दशकात अमेरिकेतील विद्यापीठांनी ती उचलली. पण विद्यापीठ म्हणजे बँक नव्हे. इथे तंत्रज्ञानाचा जवळजवळ प्रत्येक निर्णय हा शैक्षणिक निर्णय असतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी 1964 मध्ये बेसिक ही सोपी संगणकभाषा आणि एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत सुरू केली. संगणक केवळ शास्त्रशाखेचा नाही, तो साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हाताळता आला पाहिजे, असा त्यामागचा आग्रह होता. यंत्र कोणते घ्यावे याच्याही आधी ते कोणासाठी, याचा विचार त्यांनी केला. पुढे 1970 मध्ये केमेनी त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले.

मुख्य माहिती अधिकाऱ्याकडून हीच अपेक्षा आहे. त्याला सर्व्हरची जाण हवीच, पण विद्यापरिषदेत बसून अभ्यासक्रमाची, परीक्षेची आणि संशोधनाची भाषाही समजायला हवी. संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार देऊन हे भागत नाही. बाहेरच्या एजन्सीला कंत्राट देऊनही भागत नाही. काम एजन्सीला देता येते, जबाबदारी देता येत नाही. कंत्राट संपल्यावर विद्यार्थ्यांची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे करारात आधीच लिहून घेणारा माणूस विद्यापीठाचाच असावा लागतो.

संकटाच्या वेळी तर अशा माणसाची गरज जास्तच भासते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठावर डिसेंबर 2019 मध्ये खंडणीखोर सायबर हल्ला झाला. ऑक्टोबरमध्ये उघडल्या गेलेल्या एका फसव्या ई-मेलमधून हल्लेखोर आत शिरले होते. दोन महिने ते आत वावरले आणि नाताळच्या तोंडावर त्यांनी शेकडो सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्यात सापडले. विद्यापीठाने 30 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो मोजले. मात्र फेब्रुवारीत जाहीर परिषद घेऊन कुठे काय चुकले, हे त्यांनी सर्वांसमोर मांडले. माहितीला धनी असला की असा हिशेब देता येतो.

आपल्याकडे आता या माहितीचा पसारा प्रचंड वाढला आहे. हॉल तिकिटापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत सारे पोर्टलवर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2021 पासून श्रेयांकांची बँक आली. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत, हा तिचा उद्देश. एका महाविद्यालयाने चुकीची नोंद पाठवली, तर ती चूक विद्यार्थ्याच्या मागे सगळीकडे फिरेल. 2023च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती जपण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे.

महाराष्ट्राच्या 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मंडळ बैठका घेते, ठराव करते. निकालाच्या आदल्या रात्री पोर्टल बंद पडले, तर तिथे उभा राहणारा एक माणूस लागतो. कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक या पदांना कायद्याने अधिकार आणि उत्तरदायित्व दिले. त्यांच्या बरोबरीने मुख्य माहिती अधिकाऱ्याचे पूर्णवेळ पद निर्माण झाले पाहिजे. त्याला ठरावीक मुदत हवी, स्वतंत्र अंदाजपत्रक हवे आणि तयारी नसलेली योजना लेखी कारणे देऊन थांबवण्याचा अधिकार हवा. त्याने दरवर्षी अधिसभेपुढे अहवाल ठेवावा: किती वेळा यंत्रणा बंद पडली, किती तक्रारी आल्या, बॅकअपमधून माहिती परत मिळते की नाही याची चाचणी कधी घेतली.

यासाठी पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. रखडलेल्या निकालाची किंमत विद्यार्थी आजही मोजतातच. ती विद्यापीठाच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढाच फरक. ज्याच्या घरातली पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचली आहे, त्याचे एक वर्ष वाया गेले तर ते भरून काढायला त्याच्याकडे काहीच नसते.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेक जण पदवीधर आहेत आणि अधिसभेच्या निवडणुकीत नोंदणीकृत पदवीधरांना मत असते. नोंदणी केली नसेल, तर करा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारा: आपल्या विद्यापीठात लाखो विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी नेमकी कोणाची? उत्तरात त्याने एका पदाचे नाव घेतले नाही, तर ते पद निर्माण करण्याचे वचन त्याच्याकडून घ्या.