वीरगळ आणि सूर्यघड्याळ

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला अडकला नाही असा गणपतीतला चाकरमानी विरळा. त्या खोळंब्यात हॉर्न बडवणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की तहसील कचेरीपाशी ज्याचा पुतळा आहे तो नाईक यशवंत घाडगे याच तालुक्यातला, आणि पडला मात्र इटलीत?

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीतली त्याची तुकडी मशीनगनच्या तोंडी सापडली. तो सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावून गेला. हातबॉम्बनं गन बंद पाडली, टॉमीगननं एकाला लोळवलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचून मारलं. (मानपत्रात हे स्पष्ट लिहिलंय, स्मारकांवर असलं कोणी कोरत नाही.) मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय बावीस. देह मिळाला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस पत्नीच्या हाती आला.

इटलीत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. तिथल्या मोन्तोने या डोंगरमाथ्यावरच्या गावानं जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली.

आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की अवघडायला होतं. ज्या जुलैत घाडगे इंग्रजांच्या फौजेतून दुसऱ्यांचं गाव सोडवत होता, त्या जुलैत नेहरू, पटेल, आझाद त्याच इंग्रजांच्या कैदेत, नगरच्या किल्ल्यात होते. मग ‘पोटासाठी गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. गेला असेलही. कोकणात एका हंगामाच्या भातावर वर्ष निघत नसे. गिरणी नाहीतर पलटण. पण पोटासाठी माणूस कवायत करतो, बूट पुसतो. साथीदार पडल्यावर एकट्यानं गनवर धावून जाणं पगारात बसत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्या गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या : या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. जमाखर्चच तो. त्यापेक्षा देवळामागचा, शेंदरानं माखलेला वीरगळ मला जवळचा वाटतो. नाव बहुधा त्यावरही नसतं. पण खाली लढणारा, वर अप्सरा त्याला नेताहेत, शेवटी शिवलिंगापुढे हात जोडलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. राजा कोण होता, युद्ध न्याय्य होतं का, हे तो दगड विचारत नाही. मोन्तोनेकरांनी नकळत वीरगळच घडवला म्हणायचा, चंद्र तेवढा राहिला.

त्या तबकडीवर सावली बारावर येते तेव्हा माणगावचा दिवस चार तास पुढं सरकलेला असतो. जुलैत माणगावला ऊन नसतंच म्हणा. भरलेलं आभाळ, चिखलणी झालेली खाचरं, इरलं पाठीवर घेऊन वाकून आवण लावणाऱ्या बाया. १९४४ च्या आषाढातही तेच चाललेलं असणार.